माझ्या तुरीची पहिली पाळी

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, निंबर्ग्याच्या शिवारावरचे आकाश आता रीतसर वाटून घेण्यात आले आहे. कृपया हसू नये.

आमच्या भागात फवारणीचे तीन ड्रोन आहेत. एक आमच्या गावाचा, दोन शेजारच्या गावांचे. सकाळी वारा पडलेला असतो तेवढ्याच वेळात उडायचं, आणि बांधाला बांध लागून, त्यामुळे सगळे एकदम उडाले तर हवेतच टक्कर. पूर्वी यावरून भांडणं व्हायची. आता प्रत्येक ड्रोनची कृत्रिम बुद्धिमत्ता दुसऱ्या दोघांशी बोलते, आम्हाला फोन करून पिकाची चौकशी करते आणि ज्याची अडचण मोठी त्याला पहिली पाळी देते. ज्याला थांबवायचं, त्याला आधी विचारते.

मला फोन आला. "आपल्या तुरीची परिस्थिती कशी आहे?"

आमच्याकडे पीक चांगलं आहे असं कुणी तोंडाने म्हणत नाही. दृष्ट लागते. सोयरे विचारोत की व्यापारी, उत्तर एकच: पीक गेलं. ऐकणारा मनातल्या मनात वजाबाकी करून घेतो. त्यातून मी गावच्या नाटकांत रडण्याची कामं केलेला माणूस! आवाज कापरा केला. "काय सांगू बाबा, गेलं! अळीनं सगळं खाल्लं!" आत बायको तोंडात पदर कोंबून हसत होती. मशीनला मात्र वजाबाकी येत नव्हती.

सकाळी रानाकडे निघालो तर ड्रोन माझ्या तुरीवर घिरट्या घालत होता. वाटेत शेजारच्या रानातली अक्का भेटली. नवरा सोलापूरला कामाला, शेत ती एकटीच बघते. तिच्या हातात भोकं पडलेल्या शेंगा होत्या.

"आज पहिली पाळी तुझी होती ना?"

"व्हय की अण्णा. काल मशीन म्हणालं, शेजाऱ्याचं सगळं गेलंय, तुम्ही थांबाल का? म्हणलं थांबते. माझं निम्मं तरी हाय अजून."

"मला कामून इचारलं न्हाईस?"

"तुम्ही दुःखात. अजून काय इचारायचं?"

मी धावत माझ्या बांधावर उभ्या ड्रोनवाल्या ताईकडे गेलो. "थांबव! आधी अक्काच्या रानात ने!"

"आता कसं नेऊ काका? ह्याच्यामागं शेजारच्या गावाची पाळी लागलीय. त्यांचं होईस्तोवर वारं सुटतंय. अक्काचं आता उद्याच."

म्हणजे अळीला आणखी एक दिवस मिळाला, आणि तो मी दिला होता.

तेवढ्यात मागून अक्का आली. मधल्या बाभळींमुळे तिच्या रानातून माझी तूर दिसत नाही. मला धीर द्यायला म्हणून ती बाभळी ओलांडून आली होती. समोर डोक्याइतकी उंच तूर, शेंगांनी लगडलेली. चार ओळींचं काम असलं तरी स्टेज सोडायचं नाही असा माझा लौकिक; आज मात्र मी ताईच्या मागं सरकलो. अक्का शेंगा चाचपत दोन पावलं आत गेली आणि मोठ्यानं बोलून गेली,

"अगं बाई! अण्णा, असली भरलेली तूर मी जन्मात बघितली न्हाई!"