उजवा खिसा

आमचे दाजी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या मागच्या खिशाकडे. समोरून कुणी आलं की तो पुढे निघून जाईपर्यंत थांबायचे आणि मग मान किंचित वाकडी करून, डोळे बारीक करून त्या पाठमोऱ्या माणसाच्या कमरेखाली बघत राहायचे. धोतर असेल तर नजर लगेच सुटायची. टेरिकॉटची प्यांट असेल तर जराशी रेंगाळायची. पण जाड, निळी जीनची प्यांट दिसली की दाजी चार पावलं त्या माणसाच्या मागे चालत जायचे. अशा माणसाबद्दल काय वाटावं? जे तुम्हाला आत्ता वाटलं तेच मलाही वाटलं होतं. आणि मला संशय घ्यायला एरवीही फारसं कारण लागत नाही.

मी वालूरला शाळेत कारकून होतो. पोरांच्या रजेच्या चिठ्ठीवर बापाची सही खरी की पोराने केलेली, हे ओळखण्यात माझी उमर गेली. आमचे अण्णा गावातले जुने शिंपी. त्यांचा एक नियम होता : शिवण नेहमी आतून बघायची. कुणी दुसऱ्याकडे शिवलेला सदरा घालून आला तर ते त्याची बाही उलटी करून बघत आणि मगच चहा मांडायला सांगत. धाकटी बहीण कुसुम त्यांच्याच हाताखाली काज-बटण शिकली. तिला चोविसावं लागलं होतं, दोन स्थळं येऊन परत गेली होती आणि घरात त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. अशात पूर्ण्याचं स्थळ आलं. मुलगा शिंपीच, मुंबईला मोठ्या कारखान्यात आठ वर्षं काढून, वडील वारल्यावर स्टेशनजवळचं घरचं दुकान सांभाळायला परत आलेला.

मुलगा बघायला आला तो जीनची प्यांट घालून. वर पांढराशुभ्र बुशशर्ट आत खोचलेला, रुंद चामडी पट्टा, प्यांटीच्या तळाला एकच घडी बाहेर दुमडलेली आणि पायात साध्या चपला. सतरंजीवर बसताना ती प्यांट त्याला मांडी घालू देईना, तेव्हा तो एक पाय लांब करून बसला. अण्णांची नजर त्या प्यांटीवरून हलली नाही. पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "शिंप्याच्या अंगावर दुसऱ्यानं शिवलेलं कापड? काहीतरी काळंबेरं हाय." शेजारच्या काकांची तक्रार वेगळीच होती. ते दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाचे. निळा रंग दिसला की आमच्या आळीतल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडत, नवा माणूस आला की पाण्याच्या आधी आडनाव विचारलं जाई. काकांनी बैठकीतच विचारलं होतं, "प्यांट निळीच का म्हणे?" त्यावर मुलगा शांतपणे म्हणाला, "रंगाचं काय इचारायलाव काका, शिवण बघा की." मला तेव्हा ते उत्तर उद्धट वाटलं. आज त्या प्रश्नाची लाज वाटते.

आमच्याकडे रीत अशी, की मुलगी द्यायच्या आधी घरातलं कुणीतरी मुलाच्या गावी गुपचूप जाऊन चौकशी करून यायचं. ते काम माझ्याकडे आलं. निघताना कुसुम दारात आली आणि म्हणाली, "दादा, चौकशी चांगली कर. पर मोडायसाठी करू नको. मला त्यो माणूस आवडलाय." आमच्या घरात एवढं स्पष्ट कुणी बोलत नसे. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बघू.

सेलूहून सकाळची पॅसेंजर धरून पूर्ण्याला उतरलो. चहाच्या हॉटेलात विचारलं, सलूनमध्ये विचारलं. सगळे त्याला मास्टर म्हणत, आणि म्हणत, मास्टर लय चांगला माणूस. पण सलूनवाला वस्तरा थांबवून म्हणाला, "फकस्त नजर खाली असतीय त्याची." खाली म्हणजे कुठे, ते काही तो सांगेना, नुसता हसला. दुकानापाशी गेलो तर दार ओढलेलं आणि दारावर खडूने लिहिलेलं : गाडी बघून येतो. आता शिंप्याचं गाडीशी काय काम? माझा शक पक्का होत चालला.

फलाटावर गेलो आणि खांबाआड उभा राहिलो. गाडी आली होती. मास्टर त्याच निळ्या प्यांटीत, हात मागे बांधून, उतरणाऱ्या माणसांच्या पाठी न्याहाळत चालले होते. एक कॉलेजवाला पोरगा जीन घालून उतरला. मास्टर त्याच्यामागे निघाले, चार पावलांवर चक्क वाकले. पोराने दचकून खिशावर हात मारला आणि ओरडला, "ए, काय बघायलास रे?" मास्टर सरळ उभे राहून म्हणाले, "खिसा बघायलोय." लोक जमले, कुणी शिवी दिली, कुणी हसलं. मी पुढचं बघायला थांबलो नाही. परतीची गाडी पिंगळीला क्रॉसिंगसाठी बराच वेळ थांबली होती. तेवढ्या वेळात अण्णांना सांगायचं वाक्य मी नीट जुळवून ठेवलं.

"मुलगा खिसेकापू आहे," मी सांगितलं. अण्णांनी कपाळाला हात लावला. कुसुमने मात्र एकच विचारलं, "तू त्यांना इचारलंस का, खिसा कशापायी बघायलाव म्हणून?" मी म्हणालो, "चोराला असं कुणी विचारतं का?" ती म्हणाली, "मंग ही चौकशी कशाची?" आणि आत गेली. दोन दिवस ती मशीनवर बसली नाही. अण्णा सरळ माणूस. त्यांनी योग जुळत नाही वगैरे काही न लिहिता कार्डावर लिहून टाकलं, की मुलाची नजर लोकांच्या खिशावर असते असं समजल्यावरून आम्ही माघार घेत आहोत.

त्या रविवारी मास्टर वालूरला आले, एकटेच. अंगात साधी टेरिकॉटची प्यांट, हातात कापडी पिशवी. मला बघून त्यांनी रामराम केला. मी तो घेतला की नाही आठवत नाही. पिशवीतून त्यांनी ती जीन काढून अण्णांच्या कटिंगच्या टेबलावर ठेवली. कुसुम पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, "अण्णा, उलटी करून बघा." मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत जे बोलणं चाललं त्यातलं अर्धंमुर्धंच कानावर आलं.

एवढं मात्र कळलं. मुंबईच्या त्या कारखान्यात परदेशी कंपनीच्या भारी जीन शिवल्या जात आणि मास्टर आठ वर्षं फक्त मागचा खिसा शिवत. खिशावर दुहेरी धाग्याची एक कमान असे, तीच त्या मालाची ओळख. सगळा माल खोक्यांत भरून जहाजाने जाई. शिवणाऱ्याला त्यातलं एकही अंगाला लावायला मिळत नसे. मास्टरांकडची जीन म्हणजे बाद झालेला नग होता, एक खिसा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली बसला म्हणून कारखाना सोडताना मिळालेला. आणि त्यांनी एक चोरटी खोड केली होती. कमान संपली की खिशाच्या शिवणीबाहेर एक टाका जास्तीचा घ्यायचा. तपासणाऱ्याला दिसणार नाही, पण आपल्याला ओळखू येईल असा. "आठ वर्षं शिवलं अण्णा, पर कुणाच्या अंगावर बसलेलं एकदाबी बघितलं न्हाई," ते म्हणत होते. "बाद माल बाजारात येतोय म्हणत्यात. कुठंतरी दिसंल म्हणून बघत फिरतो."

आत जाड कापड उलटंसुलटं केल्याची सळसळ ऐकू आली. मग अण्णांचा आवाज आला, "हात चांगला हाय तुमचा." आमच्या अण्णांनी हे वाक्य आयुष्यात फार कमी वेळा उच्चारलं. त्यांनी मला आत बोलावलं नाही, रागावलेही नाहीत. कुसुमचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं आणि मास्टरांचे दाजी झाले.

तुम्हाला वाटेल, इथे माझा संशय फिटला. तसं काही झालं नाही. एवढ्याशा टाक्यासाठी माणूस रोज गाडी बघायला जातो, हे माझ्या डोक्यात बसेना. मुंबईला कुणी बाई-बिई असेल, गाडीने निरोप येत असेल, असं मनात यायचं. त्यात दाजी खरोखरच एका बाईच्या गोष्टी सांगायचे. परदेशातून वर्षातून दोनदा एक मॅडम कारखान्यात येई आणि नवी कमान स्वतः खडूने कापडावर काढून देई. "तेवढी एक कमान काढायसाठी बाई इमानात बसून यायची, दादा!" हे सांगताना ते हवेत बोटाने ती कमान काढायचे. एका वर्षी तिसऱ्याच प्रयत्नात दाजींना तिची कमान जशीच्या तशी साधली, तेव्हा ती म्हणे टाळ्या वाजवून हसली होती. मी कुसुमकडे बघायचो. ती निवांत भाजी निवडत असायची. तिला ती गोष्ट माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

मी कामाच्या निमित्ताने पूर्ण्याला जायचो आणि दुकानावर ती खडूची पाटी दिसली की गुपचूप फलाटावर जायचो. एकदा मी असाच वीसेक पावलं मागे होतो. दाजींनी वळूनही न बघता म्हटलं, "दादा, या की. बरोबरच जाऊ." मी बरोबर गेलो. त्या दिवशी एकही जीन उतरली नाही. दाजींनी मला भजी खाऊ घातली आणि मागून का येत होतो ते विचारलं नाही.

त्या प्यांटीचे लाड बघण्यासारखे होते. दोन महिन्यांतून एकदा धुणं, तेही उलटी करून, साध्या पाण्यात, आणि वाळवणं सावलीत. कुसुमने एकदा न विचारता साबण लावला तर दाजी बिचारे दिवसभर गप्प होते. इस्त्रीचं नाव काढायची सोय नव्हती. "जीनला घडी म्हंजे तिचा अपमान," म्हणायचे. परभणीच्या एका कॉलेजच्या पोराने त्यांच्याकडून हौसेने जीन शिवून घेतली. जाड कापडात सुया मोडत मोडत दाजींनी ती कमानीसकट शिवली. दुसऱ्या दिवशी पोरगा तिला पुढून सुरीसारखी घडी पाडून घालून आला. दाजींनी त्याला समोर बसवून चहा पाजला, समजावलं, आणि पाणी मारून ती घडी स्वतः मोडून काढली. पुन्हा पूर्ण्यात कुणी जीन शिवायला टाकली नाही. उरलेली वर्षं दाजींनी शाळेच्या खाकी चड्ड्या शिवल्या. माझ्या भाच्याच्या चड्डीच्या खिशालाही शिवणीबाहेर एक टाका असायचा.

पुढे दाजींची छाती धरली. कापडाचा बारीक भुसा इतकी वर्षं आत गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. फलाटावर जाणं बंद झालं. जीन गुडघ्यावर विरून खुंटीला टांगलेली होती, कुसुमने आतून ठिगळ लावलं होतं. दाजी खाटेवर पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहायचे. मला ते बघवेना. मी जन्मात जे केलं नव्हतं ते केलं, खोट्या सह्या पकडणारा मी स्वतःच खोटं बोललो. म्हणालो, "दाजी, तुमचा खिसा दिसला. परभणीच्या स्टँडवर, एका पोराच्या अंगावर. शिवणीबाहेर एक टाका, चांगला स्पष्ट."

दाजी कोपरावर उठून बसले. डोळ्यांत तीच फलाटावरची चमक. "कोणता खिसा, दादा?"

"डावा," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हळूहळू हसू त्यांच्या तोंडभर पसरलं. हसताना खोकला लागला, कुसुम पाणी घेऊन धावली. खोकला थांबल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. "डावा मी कधी शिवलाच न्हाई. डावा शेजारच्या मशीनवर व्हायचा. मी उजव्याचा माणूस." मग म्हणाले, "दादा, तुमची चौकशी आजबी अर्धीच असतीय." हात मात्र सोडला नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पाळतीवर राहिलो, पण तुमचा खिसा कोणता, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात दाजी गेले. नामांतर झालं ते पुढच्या संक्रांतीला. ते भांडण मिटलेलं बघायला त्यांना आवडलं असतं. तेराव्याला सगळे पांगल्यावर मी खुंटीवरची ती प्यांट काढली आणि अण्णांनी केली असती तशी उलटी केली. उजव्या खिशाची शिवण आतूनही बाहेरच्याइतकीच स्वच्छ होती. मग सरळ करून पाहिली. कमान संपते तिथे, शिवणीच्या पलीकडे, एकच टाका. मी त्यावर बोट ठेवलं आणि मला रडू आवरलं नाही. कुसुम जवळ येऊन बसली.

आता मी परभणीला गेलो की स्टँडवर जरा लवकर पोचतो. आताशा जीन घालणारे पुष्कळ झालेत. परवा एकाच्या मागे मी चार पावलं गेलो, चष्मा वर करून वाकलो, तर त्याने झटकन खिशावर हात ठेवला आणि वळून विचारलं, "काय बघायलाव, काका?"

"खिसा बघायलोय," मी म्हणालो. "उजवा."