जाई बसणार नाही

मेसेज पद्माकर काकांनी सांगितला, फोनही त्यांचाच. चुकीच्या ग्रुपवर टाकला तो मी.

काका चष्मा घरी विसरले होते. सिंगापुरात, सेम्बावांगच्या आमच्या नेहमीच्या कॉफीशॉपात त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "करमाळा, लिही. जाई पुढच्या सीझनला बसणार नाही. पुढे पूर्णविराम दे." मी त्यांच्या फ्लॅटमधला भाडेकरू, माझं नाव राजस, पण करमाळ्यात शिकलो एवढं कळल्यावर त्यांनी मला गावाच्या नावानेच हाक मारायचं ठरवलं. मी लिहिलं. पूर्णविराम दिला. मेसेज जायचा होता 'तिसरी रांग' या ग्रुपवर, म्हणजे काका, नीलिमाताई आणि मी. तो गेला जाईच्या कॉलेजच्या सपोर्टर्स ग्रुपवर. तिथे चौसष्ट माणसं. मुली, त्यांचे आईबाप आणि खुद्द कोच.

घाबरून मी पुसायला गेलो आणि 'डिलीट फॉर मी' दाबलं. त्रेसष्ट फोनांवर मेसेज तसाच राहिला. ज्यांच्या नावाने गेला त्यांच्या एकट्याच्या फोनवरून तेवढा नाहीसा झाला.

"गेला?" काकांनी विचारलं.

"गेला," मी म्हणालो. खोटं म्हणता येणार नाही.

पद्माकर काका तीस वर्षांपूर्वी माझगावच्या गोदीतून सेम्बावांगच्या गोदीत आले, जहाजांचं वेल्डिंग तपासायला. सत्तावीस वर्षं ते टॉर्च घेऊन लोखंडाच्या पोटात शिरत होते आणि एकच गोष्ट सांगत होते: जोड बघायचा, पत्रा नाही. पत्रा कुणाचाही चांगला असतो, बोट बुडते ती जोडावर. निवृत्त झाले तरी टॉर्च खिशात आहे. नवीन माणसाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत खिडकीचे गज बघून घेतात. सविताकाकू सांगतात, "मला बघायला आले तेव्हा यांनी आमच्या गॅलरीचा कठडा तपासला. मला नंतर पास केलं."

बास्केटबॉल त्यांच्या आयुष्यात माणूस कमी पडला म्हणून आला. गोदीच्या संघात एक गडी कमी होता, चिनी फोरमनने उंची बघून यांना उभं केलं. पाच वर्षं ते राखीव होते. प्रत्यक्ष मैदानावर अकरा मिनिटं खेळलो असं ते सांगतात. काकू सात म्हणतात. त्या अकरा किंवा सात मिनिटांत त्यांना चार फ्री थ्रो मिळाले आणि चारही त्यांनी खालून, दोन्ही हातांच्या ओंजळीतून टाकले. चारही आत. याबद्दल दोघांत मतभेद नाही.

जाई आमच्याच ब्लॉकमध्ये दहाव्या मजल्यावर राहते. वय अठरा, उंची पाच फूट अकरा इंच, शिक्षण पॉलिटेक्निकमध्ये; काका त्याला कॉलेजच म्हणतात. ब्लॉकखालच्या कोर्टवर एकटीच चेंडू टाकताना काकांनी तिला पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी खाली जाऊन सांगितलं, "बाळ, कोपर बाहेर जातंय." तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी दीड तास तिचं कोपर आणि काकांचा टॉर्च. मग तिच्या मॅचेस सुरू झाल्या आणि आम्ही तिसऱ्या रांगेत जाऊन बसू लागलो. माझं म्हणाल तर आमच्या शाळेत बास्केटबॉलचा एक खांब होता. दुसरा मंजूर झाला होता. त्यामुळे मला हा खेळ अर्धा कळतो.

नीलिमाताईंना पुरा कळतो. त्या पुण्यात विद्यापीठाकडून खेळलेल्या. आता पाया लेबारला एका बँकेत जोखीम मोजतात आणि तीच नजर घेऊन मॅचला येतात. त्या संध्याकाळी सीझन संपला होता आणि कॉफीशॉपात वाद पेटला होता तो पुढच्या सीझनचा. नवीन कोच बाईंनी जाहीर केलं होतं: तीन आठवड्यांनी ट्रायल, दहा फ्री थ्रो, ज्या मुलीचे सहापेक्षा कमी जातील तिचा पहिल्या पाचात विचार नाही.

"एकसष्टपैकी एकोणीस," नीलिमाताईंनी वही न उघडता सांगितलं. "एकतीस टक्के. समोर कुणी नाही, अडवायला कुणी नाही, नुसता चेंडू टाकायचा, तर ही एकतीस टक्के."

"रिबाउंड किती घेतले ते सांग की," काका म्हणाले.

"सगळ्यात जास्त. कुणाचाही हुकलेला चेंडू हिच्याच हाती लागतो. म्हणून तर समोरच्या मुली शेवटच्या दोन मिनिटांत हिलाच धरतात. हिला फाउल केलं की फ्री थ्रो हुकतो आणि चेंडू त्यांना मिळतो, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. काका, मी कोच असते तर मीसुद्धा तिला बाकावर ठेवली असती."

"जोड कच्चा आहे फक्त. मनगट आणि कोपर. एका हाताचा जोड कच्चा असला तर दोन हात लावायचे."

"परत ओंजळ?"

"परत ओंजळ."

"अठरा वर्षांची मुलगी आहे ती. सगळ्या कॉलेजसमोर सूर्याला अर्घ्य देईल का?"

"चारपैकी चार," काका म्हणाले.

"गोदीत. अठ्ठ्याण्णव साली. प्रेक्षक कोण होते?"

"फोरमन होता."

मी मध्ये म्हणालो की दोघांचंही बरोबर आहे. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायला गेलो. परत आलो तोवर नीलिमाताई ट्रेन गाठायला निघून गेल्या होत्या, शेवटचा शब्द घेऊन. काकांना तो परत हवा होता. म्हणून तो मेसेज. जाई पुढच्या सीझनला बसणार नाही. म्हणजे बाकावर बसणार नाही, खेळणार.

जाईला देवनागरी वाचता येत नाही. तिच्या आईने, मैत्रेयीवहिनींनी, तिला मेसेज वाचून दाखवला. आता त्यांच्या घरात 'बसत नाही' याला एकच अर्थ आहे. पंधराव्या वर्षापासून त्या मुलीला बूट बसत नाहीत, ड्रेस बसत नाहीत, बसच्या सीटमागे गुडघे बसत नाहीत. आणि आता काका म्हणतात, संघातही बसणार नाही. कोच बाईंनी फोनलाच अर्थ विचारला, तर फोन म्हणाला, जाई विल नॉट फिट.

सकाळी सातला नीलिमाताईंचा फोन आला. "काका, मला हरवायचं तर मला हरवा. पोरीला कशाला?"

काकांनी चष्मा लावून पूर्ण ग्रुप वाचला, आपला मेसेज कुठे सापडेना, मग माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी खोली बदलली असती आणि विषय संपला असता. ते म्हणाले, "बरं." मग मैत्रेयीवहिनींना फोन लावला आणि सांगितलं, "हो, माझ्याच फोनवरून गेला. अर्थ तसा नव्हता." माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. पलीकडून वहिनी म्हणाल्या, अर्थ कसाही असो, पोरगी ट्रायलला नावच देणार नाही म्हणतेय. नावं द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत होती.

त्या रविवारी काका पाच वाजता चेंडू घेऊन खाली गेले. साडेसहाला वर आले. चेंडू बाल्कनीत ठेवला, हात धुतले, आणि काकूंनी पुढे केलेलं ताट न जेवता पाटाच्या खिळ्यांवर टॉर्च मारत बसले.

मी वन-नॉर्थला ऑफिसात बसतो. तिथे चूक झाली की आम्ही तिला नंबर देतो आणि ती कुणाच्या तरी नावावर टाकतो. बुधवारी संध्याकाळी, नंबर न देता, मी लिफ्टपाशी उभा राहिलो. जाई कॉलेजमधून आली, मला बघून हेडफोन काढावा की नाही याचा विचार करून एकच काढला.

"तो मेसेज मी पाठवला," मी म्हणालो. "काकांना तो नीलिमाताईंना पाठवायचा होता. आणि बसणार नाही म्हणजे बाकावर बसणार नाही. तू खेळणार, असं म्हणत होते ते."

"बाकावर म्हणजे?"

"बेंचवर."

"देन व्हाय नेव्हर से बेंच?"

"मराठीत न सांगता कळतं."

"मला नाही कळलं. आईला पण नाही."

मी तिला समजवायला गेलो की हा शब्दच तसा आहे. परीक्षेलाही बसतात, फटकाही बसतो, हातसुद्धा बसतो.

"हात कुठे बसतो?"

"सवय झाली की. काका तेच म्हणतात ना, तुझा हात बसला की झालं."

"आय थॉट ही मीन्स पुट द हँड डाउन," जाई म्हणाली. "आठ महिने मी हात खाली घेतेय."

लिफ्ट आली, गेली.

"कोपर बाहेर जातं ते त्यानेच?" मी विचारलं.

"मे बी, लाह." इथल्या बोलण्यात वाक्याला 'लाह' लागतोच. मग ती हसली. आधी नाकातून, मग नीट. "ओके. मी नाव देते. त्यांची ती ओंजळ पण ट्राय करते. बट यू डू फर्स्ट. माझ्या टीमसमोर."

गुरुवारी तिने नाव दिलं. शनिवारी तिच्या तीन मैत्रिणी फोन सरसावून ब्लॉकखाली उभ्या राहिल्या आणि करमाळ्याच्या एका सुपुत्राने ओंजळीतून दहा चेंडू टाकले. एक गेला. एक कडी आणि फळ्याच्या मध्ये अडकला, तो जाईने उडी मारून काढला. एवढं झाल्यावर तिला लाज वाटायचं कारण उरलं नाही; त्यापेक्षा वाईट दिसणं शक्यच नव्हतं.

आता दोनच आठवडे राहिले होते आणि रविवारचा दीड तास पुरणारा नव्हता. जाईला सकाळचाच वेळ होता, आणि सकाळी कोर्ट पिकलबॉल खेळणाऱ्या आंट्यांचं असतं. त्यांच्या पुढारी मादाम क्वेक, वय बाहत्तर, डोक्यावर हिरवी टोपी. काका त्यांच्याशी बोलायला गेले. मी लांबून पाहत होतो. बोलता बोलता मादाम क्वेकनी माझ्याकडे बोट दाखवलं, काकांनी मान डोलावली, आणि कोर्ट रोज सकाळी एक तास मिळालं.

"काय कबूल केलंत?" मी विचारलं.

"विशेष काही नाही. त्यांच्या एका पार्टनरचा गुडघा गेलाय. तू एक रविवार खेळ."

मी फार लक्ष दिलं नाही. रोज साडेसहाला जाई खाली यायची, रेषेवर उभी राहायची, गुडघे वाकवायची आणि दोन्ही हातांनी चेंडू वर सोडायची. काका टॉर्च खिशातच ठेवत. "सोड. पाणी सोडतेस तसा सोड, फेकू नको." पहिल्या दिवशी दहातले तीन, चौथ्या दिवशी पाच. आंट्या बाजूला उभ्या राहून मोजायच्या आणि कँटनीजमध्ये सूचना द्यायच्या.

ट्रायलच्या दिवशी हॉलमध्ये बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. आम्ही तिघं बंद दाराबाहेर उभे. काकांनी दाराला कान लावला. "आतलं दिसत नाही तेव्हा ऐकायचं," ते म्हणाले.

बराच वेळ नुसते चेंडू. मग एकदम मुलींच्या हसण्याचा आवाज आला.

"ही आपली," नीलिमाताई म्हणाल्या. त्यांनीही कान लावला.

"कडी," काका म्हणाले. "कडी. जाळी."

"ती जाळी नव्हती."

"जाळी होती. नुसती सुस्स झाली."

"काका, कडीला लागून गेली."

"गेली ना?"

तेवढ्यात आणखी एक चेंडू झाला आणि भांडणात तो दोघांचाही हुकला. आतलं हसणं हळूहळू कमी झालं. शेवटच्या दोन चेंडूंना तर आत कुणीच बोलत नव्हतं, आणि काका डोळे मिटून उभे होते. दहा झाल्यावर काका म्हणाले सात, नीलिमाताई म्हणाल्या सहा, मी पाच धरले होते.

दार उघडलं आणि कोच बाई बाहेर आल्या. काकांकडे बघून थांबल्या. "सिक्स," त्या म्हणाल्या. "व्हेरी अगली, अंकल. बट कॅन." इथे 'कॅन' म्हणजे चालेल.

नीलिमाताईंनी काकांकडे पाहिलं. आकडा त्यांचा बरोबर आला होता आणि वाद त्या हरल्या होत्या. त्यांना आनंद नेमका कशाचा झाला ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मागून जाई आली, घामाने निथळलेली, आणि काकांच्या खांद्यावर कोपर टेकून उभी राहिली. काकांनी आधी ते कोपर नीट बघून घेतलं.

पहिल्या पाचात तिचं नाव लागलं. आता तिसऱ्या रांगेत वाद आहे की किती मिनिटं खेळेल. नीलिमाताई अठरा म्हणतात, काका तीस. मला कुणी विचारत नाही.

मला फक्त मादाम क्वेक विचारतात. परवा लिफ्टमध्ये भेटल्या, हातात रॅकेट. "बॉय, धिस संडे?"

"ऑफिस आहे, आंटी," मी इंग्रजीत म्हणालो.

"लास्ट संडे ऑल्सो ऑफिस."

"बिझी सीझन, आंटी."

काका शेजारीच उभे होते. लिफ्टच्या दाराच्या फटीकडे बघत राहिले, आमचा मजला येईपर्यंत.