बाबांची हाक आणि डॉक्टरांची गाडी

रस्त्यातला तो चर मला दिसला नव्हता, पण ऐकू आला होता. शेजारच्या सीटवर बसलेले बाबा "चर" असं म्हणाले होते. आवाज हळू होता पण स्वच्छ होता, आणि ब्रेक लावायला पुरेसा वेळही होता. मी ब्रेक लावला नाही. नंतर गाडीच्या मालकाने त्याचा दोष बाबांना दिला, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. बायकोला हे मी लग्नानंतर बऱ्याच काळाने सांगितलं. मुलांना अजून सांगितलेलं नाही. आज मी बाबांच्या तेव्हाच्या वयाला आलो आहे, म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी तेव्हा झाशीला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. बाबा रेल्वेत मेल गाड्यांचे ड्रायव्हर होते. भुसावळहून बदलीवर आले आणि इथलेच झाले. माझा जन्म रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमधला. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असंच आम्ही वाढलो. आई तर भाजीवालीशी बुंदेलीत अशी भांडायची की ती बाई हसून जास्तीची मिरची टाकायची.

झाशीच्या सदर बाजारात एका वयस्कर डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांच्या नातवाला मी गणित शिकवायचो. त्यांचा ड्रायव्हर काम सोडून गेल्यावर त्यांनीच मला गाडी शिकवली, लायसन्स काढायला लावलं, आणि मग मी त्यांना बंगल्यावरून दवाखान्यात नेऊ-आणू लागलो. त्यांचं मुलाकडे लखनौला कायमचं जायचं ठरलं, तेव्हा म्हणाले, "बेटा, ये गाड़ी किसी कबाड़ी के हाथ नहीं देनी मुझे. तुम रख लो." ट्यूशनच्या साठवलेल्या पैशांत बसेल एवढंच त्यांनी मागितलं होतं. गाडी जुनी, फिक्या हिरव्या रंगाची, बसायला थोडी बुटकी. मला ती स्वप्नातही दिसू लागली. खरं सांगायचं तर गरज काहीच नव्हती. कॉलेजला सायकल पुरत होती आणि लांब जायला रेल्वेचा पास होता. मला फक्त सदर बाजारातून ती चालवत जाताना लोकांना दिसायचं होतं.

घरात मोठी वस्तू बाबांना विचारल्याशिवाय येत नसे. शेजाऱ्यांना आधी कळलं. "ड्राइवर साहब के घर मोटर? तो पटरी कहाँ बिछाओगे, भैया?" असं त्यांनी कुंपणावरून विचारलं. बाबा हसले. मला म्हणाले, "आधी चालवून दाखव. लांब. गावातल्या गावात कुठलीही गाडी चांगलीच वाटते. माझ्या रेस्टच्या दिवशी मऊरानीपूरला जाऊन येऊ, मग ठरवू."

इथे बाबांची एक सवय सांगायला हवी. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघंही समोर बघत असतात. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने सांगायचं, "होम सिग्नल, हिरवा," आणि दुसऱ्याने स्वतः बघून तेच परत म्हणायचं. नुसती मान हलवून चालत नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा सांगायचं, आणि तरीही नाही आलं तर स्वतः ब्रेकला हात घालायचा. इतका काळ हेच केल्यामुळे बाबा घरीही तसेच वागत. गॅसवर दूध वर येताना दिसलं की पेपरातून डोकं काढून म्हणायचे, "दूध!" आई आतून म्हणायची, "दूध!" मांजर भिंतीवर आली की "मांजर, डावीकडे!" आणि आम्हा सगळ्यांनी एका सुरात, "मांजर, डावीकडे!" पाहुणे बघत राहायचे. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नसे.

उलट मला त्याचा अभिमान होता. एकदा त्यांचा डबा घरी राहिला म्हणून मी स्टेशनवर धावत गेलो. फलाटाच्या टोकाला, इंजिनाजवळ पोचलो तेव्हा सिग्नल पडला. असिस्टंट माझ्यापेक्षा जेमतेम मोठा होता, नवीनच लागलेला. त्याने सांगितलं आणि बाबांनी, ज्यांच्यासमोर स्टेशनमास्तर खुर्चीतून उठत, त्याच्याकडे वळून आज्ञाधारकपणे उत्तर दिलं. एका आठवड्यात त्याच असिस्टंटला ते घरी जेवायला घेऊन आले. आईला म्हणाले, "याला भरपूर वाढ. लाल सिग्नल याने पाहिला, मी पाहिला नव्हता. याने हाक दिली म्हणून मी आज जेवतोय." तो बिचारा लाजून ताटाकडे बघत होता. असं आपणहून, सगळ्यांसमोर सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आणि त्यांचाच मुलगा असूनही मी काय केलं, ते आता सांगतो.

रेस्टच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी चालवत होतो, बाबा शेजारी. मागे डॉक्टर, कारण त्यांना मऊरानीपूरच्या एका जुन्या मित्राचा निरोप घ्यायचा होता. डॉक्टरांना कमी ऐकू यायचं. बाबांनी कॉलनीच्या फाटकापासूनच सुरुवात केली. "सायकल, डावीकडे." मीही म्हणालो, "सायकल." "म्हैस, उठतेय." "म्हैस." बेतवा नदीच्या पुलापर्यंत छान चाललं होतं. डॉक्टरांनी पुढे वाकून विचारलं, "ये आप लोग क्या बोल रहे हैं?" मी म्हणालो, "कुछ नहीं जी, पिताजी की आदत है. इंजन समझ रहे हैं." डॉक्टर खळखळून हसले. त्यात कौतुकच होतं, पण मला ते टोचलं. तिथून पुढे मी उत्तरं अर्धवट देऊ लागलो.

बरुआसागरच्या बाजारात आल्याच्या पोत्यांनी रस्ता अडला होता. गाडी हळू झाली, काचा खाली होत्या, आणि बाबा सांगत होते, "हातगाडी, उजवीकडे. पोतं, समोर." चहाच्या टपरीवर माझ्या वर्गातले दोघं बसलेले. एकजण ओरडला, "अबे, गाड़ी आई नहीं और खलासी पहले रख लिया?" टपरीवरचे सगळे हसले. ट्रकमध्ये डाव्या बाजूला लटकून 'आने दो, आने दो' करणारा पोऱ्या, तो खलासी. त्यांनी बाबांना कधी पाहिलं नव्हतं. हे माझे वडील आहेत, एवढं सांगायला पुरे झालं असतं. मी काच वर केली.

बाजार संपल्यावर म्हणालो, "बाबा, आता बास. ही गाडी आहे, इंजिन नाही. मला डोळे आहेत."

"बरं," बाबा म्हणाले.

 दोन्ही बाजूंना वाटाण्याची शेतं होती, रस्ता मोकळा होता. मी वेग वाढवला. ते गप्प आहेत याचा मला आनंदच होत होता. आणि मग ते म्हणाले, "चर."

कुणीतरी शेतात पाण्याचा पाइप न्यायला रस्ता आडवा खणला होता आणि माती नीट भरली नव्हती. मला तो दिसला नाही. पण बाबा पाहिल्याशिवाय बोलत नाहीत हे मला जन्मापासून ठाऊक होतं. त्या क्षणी मनात एवढंच आलं, की आत्ता ब्रेक लावला तर यांचंच खरं होईल. मी गप्प राहिलो, पाय जागेवर ठेवला. ते पुन्हा, या वेळी मोठ्याने, "चर!" म्हणाले आणि त्यांचा हात इंजिनातल्या सवयीने ब्रेकची दांडी धरायला पुढे गेला. तिथे नुसता पत्रा होता. तेवढ्यात पुढची चाकं आदळली.

डॉक्टरांचं डोकं टपाला लागलं. चष्मा खाली पडून एक काच फुटली. गाडी थांबली तेव्हा ते कपाळ चोळत बाहेर आले, आणि त्या सभ्य माणसाचा तोल गेला. "ड्राइवर साहब! पूरे रास्ते साइकिल-भैंस बताते रहे, और इतनी बड़ी नाली नहीं बताई? ज़िंदगी भर इंजन ऐसे ही चलाया?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सिग्नल सांगून झाल्यावर उत्तराची वाट बघावी, तसे थांबले. उत्तर आलं नाही. मग ते डॉक्टरांना म्हणाले, "हाँ जी, चूक हो गई. मेरी आवाज़ कम पड़ गई."

मी गाडीखाली वाकून सायलेन्सर बघत होतो. सायलेन्सरला काही झालं नव्हतं. तरी मी बराच वेळ खालीच होतो.

मऊरानीपूरचा निरोप तसाच उरकला आणि संध्याकाळच्या आत परत आलो. बाबांनी घरी आल्यावर निकाल दिला, "गाडी चांगली आहे. इंजिनाचा आवाज एकसारखा आहे, ब्रेकही जागेवर आहेत. घे."

आईने विचारलं, "आणि डॉक्टरांना टेंगूळ कसलं आलं?"

"चर होता. मी हळू बोललो, याला ऐकू आलं नाही."

"तुम्ही आणि हळू?" आई हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय रे, खरंच ऐकू नाही आलं?"

"नाही," मी म्हणालो.

मला वाटलं होतं की गोष्ट इथेच संपेल. बाबा माझी लाज राखायला तसं म्हणाले, असा माझा समज होता. थोडं तसं असेलही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभ्यासाला बसलो होतो, तेव्हा मागच्या अंगणातून त्यांचा आवाज आला, "दूध." गॅसवर दूध नव्हतंच. आईही गोंधळून बाहेर गेली.

"तुला आतपर्यंत ऐकू आलं?" बाबा विचारत होते.

"आलं की."

"यापेक्षा हळू म्हणतो. जा आत." ती आत आली. पुन्हा आवाज आला. "आता?"

"अहो, आलं! काय चाललंय काय सकाळी सकाळी?"

"मग त्याला का नाही आलं? शेजारीच तर बसला होता." मग म्हणाले, "मी साहेबांना भेटून येतो म्हणतो. मेल सोडून यार्डात शंटिंग मागतो. उद्या अर्ज देतो. पहिली हाक पोचली नाही तर माझा इंजिनात उपयोग काय? मागे सगळी गाडी झोपलेली असते."

शंटिंग म्हणजे यार्डातल्या यार्डात डबे पुढेमागे करणं. बाबांचं मेलवर असणं म्हणजे काय, ते आईला माहीत होतं. ड्यूटीला निघताना ते रुमालाची घडी सुद्धा वेगळी घालत. आणि आता माझ्या एका खोट्यामुळे तो माणूस अंगणात उभा राहून स्वतःचा आवाज तपासत होता. माझ्यावर त्यांनी संशयसुद्धा घेतला नव्हता. मी खोटं बोलत असेन यापेक्षा आपला आवाज गेला असेल, हे मानणं त्यांना सोपं वाटलं होतं.

पुस्तक मिटून मी अंगणात जायला हवं होतं. गेलो नाही. संध्याकाळी डॉक्टरांना गाडीचा निर्णय सांगायचा होता आणि चष्म्याबद्दल बोलायला बाबाही येणार होते. कॉलनीतून सदर बाजारापर्यंत आम्ही सायकली हातात धरून चालत गेलो. वाटेत बाबा पेट्रोल कुठे भरावं, गाडी क्वार्टरच्या कोणत्या बाजूला लावावी, हे मला उत्साहाने सांगत होते. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग मनाशी म्हटलं, की रस्त्यात एकट्याला सांगून ही फेड होणार नाही. ज्यांच्यासमोर त्यांनी माझी चूक अंगावर घेतली, त्यांच्यासमोरच ती परत घ्यायला हवी.

डॉक्टर व्हरांड्यात बसले होते, कपाळावर पट्टी, डोळ्यांवर जुना चष्मा. टेबलावर गाडीची किल्ली. त्यांचा राग निवळला होता. उलट त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. "आइए ड्राइवर साहब, कल मैं कुछ ज़्यादा बोल गया."

"नहीं जी, आपने ठीक कहा," बाबा म्हणाले. "चश्मा मैं बनवा दूँगा. और गाड़ी ये ले रहा है."

"मैं गाड़ी नहीं ले रहा," मी म्हणालो.

बाबा चमकून मराठीतच म्हणाले, "अरे, काय झालं? कालपर्यंत तर..."

मी उभाच होतो. खुर्चीत बसून ते बोलता आलं नसतं. "डॉक्टर साहब, पिताजी ने नाली बताई थी. एक बार नहीं, दो बार. पहली बार में ही मैंने सुन लिया था. सुनकर ब्रेक नहीं लगाया, क्योंकि इनकी बात माननी नहीं थी. आपने इन्हें डाँटा, तब मैं गाड़ी के नीचे छुपा रहा."

डॉक्टरांनी हातातला कप खाली ठेवला. बाबा माझ्याकडे बघत होते. मला त्यांच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येईना, आणि वाचण्याआधी बोलून टाकायला हवं होतं.

"बाबा, तुमचा आवाज अजिबात कमी पडला नाही. मी आईशीही खोटं बोललो, आत्ता घरी गेल्यावर तिलाही सांगतो. तो अर्ज देऊ नका. बरुआसागरला ते लोक तुम्हाला हसले तेव्हा हे माझे वडील आहेत असं मी म्हटलं नाही, तेही चुकलंच. तुमच्याशी असं वागायला नको होतं. मला माफ करा."