घरभर एकच फूल

वरच्या मजल्यावरचं दार उघडलं की खाली माझ्या स्वयंपाकघरात कळायचं. आवाजाने नव्हे, वासाने. कसल्याशा जांभळ्या फुलाचा तो वास जिन्यावरून उतरायचा आणि माझ्या हुळीच्या, म्हणजे इथल्या आंबट वरणाच्या, फोडणीवर येऊन बसायचा. मला तर शिसारीच यायची. मी काही गप्प बसणारी बाई नव्हे, अख्ख्या बसवनगुडीला ठाऊक आहे. पण वर राहणारी आसावरी तेव्हा अशी घायकुतीला आली होती की तिला वासाबद्दल बोलायची माझीही छाती झाली नाही.

आसावरी म्हणजे माझ्या मैत्रिणीची, भागीरथीची, सून. भागीरथी आणि मी दोघी इथल्याच, पणजोबांच्या वेळेपासून बेंगळुरूच्या. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि रागावलो की दोन्ही. लग्नानंतर दोघी याच बिल्डिंगमध्ये आलो, ती वर, मी खाली. आसावरी मात्र पुण्याची. आली तेव्हा मला 'काकू' म्हणाली. म्हटलं, बाई, इथे अक्का म्हण, काकू म्हटलंस तर भाजीवाला दुप्पट भाव सांगेल. हसली, आणि तेव्हापासून अक्काच म्हणते. पोरगी गुणाची. पण स्वच्छतेचं वेड असं की चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत तुमच्या हातातला कप विसळायला नेणार! घरातूनच लॅपटॉपवर नोकरी करते, आणि मीटिंग संपली की फडकं हातात.

भागीरथीला साखर. साखरेने तिचे आधी डोळे नेले आणि मग हातापायांची जाणीव. भिंत लागली काय आणि दार लागलं काय, बोटांना पत्ताच लागत नसे. तरी बाई घरभर एकटी फिरायची. तिच्या खोलीबाहेर पॅसेज, पॅसेजमध्ये ओळीने तीन दारं: न्हाणीघर, देवाची खोली, स्वयंपाकघर. प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबायची आणि बरोबर हव्या त्या दारात शिरायची. मला वाटायचं, सवय. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं.

मग ते निमित्त झालं. आसावरीची लेक सुखदा दहावीत. तिच्या मैत्रिणी अभ्यासाला आल्या होत्या. त्यातली एक दारात चपला काढता काढता म्हणाली, "तुमच्या घरात म्हाताऱ्या माणसाचा वास येतो ना?" पोरीचं वय काय, तिला काय कळतंय! पण संध्याकाळी सुखदा आईवर उखडली. "मी आता कुण्णाला घरी आणणार नाही," म्हणाली आणि दार आपटून खोलीत जाऊन बसली.

आसावरीच्या काळजात ते रुतलं. तिने घर असं काही धुऊन काढलं की विचारू नका. पडदे गेले, भागीरथीच्या जुन्या गोधड्या गेल्या, गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली गेली. न्हाणीघरातलं काळं फिनेल बंद, त्याचा म्हणे दवाखान्यासारखा वास येतो. देवापुढचा कापूर बंद, त्याने पांढरं छत काळं होतं. हिंगाचा डबा घट्ट झाकणाच्या बरणीत. आणि मग ती मशिनं आली. भिंतीवर लावायची, थोड्या थोड्या वेळाने आपोआप फुस्स करणारी. हॉलमध्ये एक, पॅसेजमध्ये एक, एकेका खोलीत एकेक. लादी पुसायचं औषध त्याच फुलाचं, कपड्यांचं पाणी त्याच फुलाचं, आंघोळीचा साबणही त्याच फुलाचा. सगळा एकच सेट. मला मोठ्या हौसेने दाखवला होता तिने.

थोडे दिवस बरे गेले. सुखदाच्या मैत्रिणी परत आल्या, आसावरीने त्यांना बटाटेवडे करून घातले. आणि मग एका सकाळी भागीरथी देवाच्या खोलीत कोपऱ्यात बसली. लघवीला.

अय्यो, काय सांगू! भागीरथीसारखी सोवळ्याओवळ्याची बाई! आसावरीने देव उचलले, फरशी धुतली, पुन्हा धुतली, आणि त्या खोलीत आणखी एक मशीन लावलं. त्यानंतर भागीरथी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याशेजारी बसली. मग पॅसेजमध्येच. एकदा न्हाणीघर समजून बाल्कनीच्या पायरीवर गेली आणि पडली. डायपर बांधला तर शरमेने काढून फेकायची. जितकं ती चुकायची तितकी आसावरी धुवायची, आणि जितकं आसावरी धुवायची आणि फवारायची तितकी भागीरथी चुकायची. मोलकरीण दुसऱ्या आठवड्याला काम सोडून गेली. डॉक्टर म्हणाले, साखर मेंदूपर्यंत गेली असणार, या वयात होतं असं.

एक दिवस पाहते तर आसावरी माझ्या दारासमोर जिन्यावर बसलेली. बाजूला बादली, मांडीवर ओलं फडकं.

"अक्का," म्हणाली, "मला माझ्या हातांना वास येतो हो. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करते आणि हात हुंगते. कितीही धुवा, जातच नाही. काल साहेबांनी मला काहीतरी विचारलं, मला ऐकूच आलं नाही. माझी नोकरी जाईल, अक्का. नाहीतर मला तरी वेड लागेल."

मी तिला आत घेतलं, कॉफी दिली. तिने प्यायच्या आधी कपाचा काठ पदराने पुसला. हिच्या हातून एक दिवस काहीतरी भलतंच होणार, असं मला वाटलं.

भागीरथीचा मुलगा दयानंद. त्याचं चिकपेटेत दुकान, सकाळी गेला की दिवे लागल्यावर परत. वाईट नाही हो मुलगा. आईचाही जीव, बायकोचाही जीव, मधल्यामध्ये त्याचा पार भुगा झाला होता. शेवटी त्यानेच हेब्बाळच्या पलीकडे एक वृद्धाश्रम पाहिला. आईपाशी बसून, तिचा हात हातात घेऊन सांगितलं. भागीरथी म्हणाली, "सरी."

बस, एवढंच! 'बरं' म्हणून मोकळी! मला इतका संताप आला तिचा! भांड की ग, दोन शिव्या हासड, मला नाही जायचं म्हणून सांग! आयुष्यभर अर्ध्या गांधी बझारशी घासाघीस करून फुलं घेणारी बाई, आणि आता मुलगा घराबाहेर काढतोय तर 'सरी'?

न्यायच्या दिवशी गाडी चार वाजता येणार होती. दुपारी आसावरी भागीरथीला धरून धरून खाली घेऊन आली. "अक्का, मला बॅग भरायचीय. त्यांच्यासमोर भरवत नाही. थोडा वेळ बसू दे त्यांना इथे." पडल्यापासून भागीरथीला कुणी जिना उतरू दिला नव्हता. किती महिन्यांनी ती माझ्या घरात आली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि कॉफी द्यायला आत वळले. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं.

कॉफी घेऊन येते तो खुर्ची रिकामी! माझ्या हातातला पेला सांडला. धावले. पाहते तर भागीरथी माझ्या पॅसेजमधून निघाली होती, एकटी. देवाच्या कोनाड्यापाशी क्षणभर थांबली, कोनाड्याच्या दिशेने हात जोडले, पुढे गेली, थेट न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर आली तेव्हा हात धुतलेले, पदर नीट.

"भागी," मी म्हटलं, "कशी गेलीस ग तू?"

"कशी म्हणजे? तुझ्या न्हाणीत डांबरगोळ्या, देवाजवळ सांब्राणीचा धूप, आणि हिंग तर तू पहिल्यापासून मूठभर घालतेस. एवढं सगळं सांगत असताना चुकेन कशी?"

"मग वर का चुकतेस?"

मी तिला खुर्चीत बसवलं, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पुन्हा विचारलं. चांगली दरडावूनच विचारलं.

"वर घरभर एकच फूल उगवलंय ग," ती म्हणाली. "कुठल्याही दारात उभी राहा, तेच. माझ्या उशीलाही तेच. मी घरात आहे का घराबाहेर, मला कळत नाही."

"आणि हे तू बोलली नाहीस? तुला वेडी ठरवली तरी?"

"काय बोलू? ती पोर दारात म्हणाली ते मी ऐकलं होतं. वास माझाच होता. आसावरी बिचारी तो घालवायला मर मर मरतेय. तिला कोणत्या तोंडाने सांगू, की बाई, तुझं हे सगळं बंद कर आणि माझा वास राहू दे?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि डोक्यात तिडीकही गेली. मोरीतली काळ्या फिनेलची बाटली एका हातात घेतली, दुसऱ्या हाताने भागीरथीला धरलं, आणि गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढले.

आसावरी बॅगेत लुगडी घालत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. आधी ती चिडली.

"अक्का, प्लीज, आज नको. डॉक्टर बघून गेलेत ना?"

"डॉक्टरने तुझं घर हुंगलंय का?"

"म्हणजे मी केलं हे?" तिचा आवाज चिरकला. "मी दिवसरात्र घासतेय, माझी बोटं बघा, सालटी निघालीत, आणि मीच आईंना..." भागीरथी मान खाली घालून उभी होती, चोरी पकडल्यासारखी. आसावरीने तिच्याकडे पाहिलं. मग वळली आणि भिंतीवरचं मशीन दोन्ही हातांनी ओढलं. ते तिच्या तोंडावरच फुस्स झालं. तिने ते खिडकीतून खाली फेकलं, मागोमाग दुसरं, मग तिसरं. खाली आमचा वॉचमन ओरडायला लागला. मी म्हटलं, ओरडू दे.

पंखे लावले, खिडक्या उघडल्या. पण तो वास काय हटतोय! भिंतीत मुरलेला, चादरीत मुरलेला. आसावरीने न्हाणीघरात अर्धी बाटली फिनेल ओतलं, देवापुढे कापूर पेटवला, गॅसवर कढईत तेल टाकून हिंग जाळायला घेतला. धुराने आम्ही दोघी खोकून बेजार. घामाने तिचा कुडता पाठीला चिकटला होता, केस सुटले होते, आणि ती एकसारखी घड्याळाकडे बघत होती.

तेवढ्यात दयानंद आला. खाली गाडी उभी होती. त्याने धूर पाहिला, बायकोचा अवतार पाहिला आणि मटकन खुर्चीत बसला. मी सांगितलेलं ऐकलं, पण त्याचा चेहरा हलला नाही.

"अक्का, प्रत्येक वेळी मला असं वाटलंय की आता आई बरी होईल," तो म्हणाला. "आता आशा लावू नका. माझ्यात ताकद नाही राहिली."

"एकदाच," आसावरी म्हणाली. "दया, एकदाच बघ."

भागीरथीला तिच्या खोलीच्या दारात उभं केलं. कुणी काही बोलायचं नाही, असं ठरलं. ती निघाली. पहिल्या दारापाशी थांबली, मान जराशी वर केली, आणि न्हाणीघरात गेली. आतून कडी वाजली. दयानंद उठून उभा राहिला. आसावरीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

ती बाहेर आली. पण तोवर हिंगाचा धूर पॅसेजभर पसरला होता, कापूर त्यात मिसळला होता आणि त्या सगळ्याखाली ते मेलं फूल होतंच. भागीरथी चार पावलं चालली आणि हॉलच्या मधोमध उभी राहिली. डावीकडे वळली, पुन्हा उजवीकडे. चेहरा कसनुसा झाला. हात पुढे करून चाचपायला लागली, समोर काहीच नव्हतं. दयानंदने डोळे मिटले आणि खाली वाकून बॅगेचा बंद धरला.

"थांब, दया," भागीरथी म्हणाली. बॅगेची चेन वाजली त्यावरून तिने ओळखलं असणार. मग ती पुन्हा हुंगायला लागली, आणि सरळ आमच्या कोपऱ्याकडे चालत आली. मी बाजूला सरकले. तिने हात उचलला आणि आसावरीच्या घामेजलेल्या गालावर ठेवला.

"ही आसावरी," म्हणाली. "आज साबणाचा वास नाही तुला. किती महिन्यांनी सापडलीस ग."

आसावरीने हंबरडा फोडला. सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. भागीरथी तिची पाठ थोपटत राहिली, आणि मग अगदी हळू, आम्हाला ऐकू येऊ नये अशा बेताने विचारलं, "पण आता माझा वास येईल हं घरात. सुखदाच्या मैत्रिणी येतात."

"येऊ दे," आसावरी म्हणाली. "येऊ दे, आई."

दयानंदने बॅग आईच्या खोलीत नेऊन ठेवली आणि गाडीवाल्याला परत जायला सांगायला तो खाली गेला.