तीन हिसक्यांची साखळी

जत्रा एका दिवसाची असते. तिच्या गोष्टी वर्षभर पुरतात, आणि पुढच्या वर्षी त्यांत भर पडते. सांगणारा जेवढा लांब उभा असतो तेवढी त्याची गोष्ट मोठी होते, असं मी पाहिलं आहे. मी जवळ उभा होतो. म्हणून माझ्या गोष्टी लहान आहेत.

आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्याला. चंपाषष्ठीला खंडोबाची जत्रा भरते आणि जत्रेत लंगर तोडतात. लंगर म्हणजे लोखंडी साखळी. एक टोक देवळापुढच्या दगडी खांबाला, दुसरं मानकऱ्याच्या हातात. त्याने ती तीन हिसक्यांत तोडायची. तुटली की लोक भंडारा उधळतात. नाही तुटली तर मान दुसऱ्या आळीकडे जातो. साखळी दरवर्षी नवी लागते. ती घडवायचा मान आमच्या लोहाराच्या घराचा. मी शाळेत दोन इयत्ता बसलो, तिसरीला भात्यावर बसलो. सांगतो ती वर्षं इंग्रज असतानाची, इकडे साखरेचा कारखाना नवा उभा राहत होता तेव्हाची.

*

मानकरी होते वरच्या आळीचे मल्हारी तात्या. अंगाने काटकुळे. मनगटाची हाडं लांबून दिसायची.

एका वर्षी बारामतीहून एक फोटोवाला आला. तीन पायांवर कॅमेरा, त्यावर काळं फडकं. तात्यांना म्हणाला, "हिसका मारतानाचा फोटो पाहिजे. पण अजिबात हलायचं नाही."

तात्या म्हणाले, "हिसका मारू का उभा ऱ्हाऊ? एक काय ते सांगा."

"उभे राहा."

तात्या साखळी ताणून उभे राहिले. फोटोवाला फडक्यात शिरला, बाहेर आला आणि फोटोची काच घेऊन निघून गेला. तात्या तसेच. ढोल थांबले. सगळी जत्रा मुठीत भंडारा धरून गप्प. लोकांना वाटलं, अंगात आलं. शेवटी माझे वडील, आबा, पुढे गेले.

"तात्या, झाला फोटू."

"त्यानं हला म्हटलं का?"

"न्हाय."

"मग?"

फोटोवाल्याला भज्यांच्या पालावरून धरून आणलं. तोंडात भजं होतं तसाच तो "हला" म्हणाला. तात्यांनी एका हिसक्यात साखळी तोडली.

फोटो नंतर गावात आला. तात्या स्वच्छ आले होते. बाकी जत्रा पुसट.

*

खालच्या आळीला एक बाजी पैलवान होता. मान आपल्याकडे यावा म्हणून टपून बसलेला. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळीच तो आमच्या शाळेवर आला. लोहाराच्या कामाच्या जागेलाही शाळाच म्हणतात. माझी खरी शाळा तीच.

"आबा, साखळी लोखंडाची करता का गुळाची?"

आबा म्हणाले, "हाय ती. वढून बघ."

पैलवानाने साखळी लिंबाला बांधली. तीन हिसके दिले. लिंबाचा पाला पडला, साखळी तशीच. चौथ्याला हात घसरला आणि तो मागच्या पाण्याच्या दगडी कुंडात बसला. तापलेली कुऱ्हाड मी नुकतीच त्यात बुडवली होती. चटका बेताचा लागला, म्हणून दुसऱ्या दिवशी तो कुस्ती खेळू शकला. जेवला मात्र उभ्याने.

जाताना म्हणाला, "मला तुटंना आणि म्हाताऱ्याला तुटती. यात कायतरी हाय."

आबांनी साखळी उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी तीच साखळी दोन हिसक्यांत तोडली. मी पैलवानाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

*

तयार साखळी कुणी ओलांडायची नाही असा नियम होता. एका वर्षी जत्रेच्या आदल्या दुपारी गाडीचा बैल सुटला आणि साखळीवरून चालत गेला. साखळीला ओरखडाही नव्हता. आबांनी ती उचलली आणि विहिरीत टाकली. तीन दिवसांचं काम होतं.

मी म्हणालो, "आबा, बैलाला काय कळतं?"

"तुला तरी कळतं का? भाता धर."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुसरी साखळी उभी केली. हाताला फोड आले. आबांनी माझे फोड बघितले नाहीत आणि स्वतःचे दाखवले नाहीत.

असा माणूस. म्हणून पुढचं ऐकून मला जे वाटलं ते सांगता येत नाही.

*

आबांचा उजवा हात वाऱ्याने लुळा पडला. त्या वर्षी साखळी मी एकट्याने घडवायची होती. तात्या सत्तरीला टेकले होते. आबांनी मला खाटेजवळ बोलावलं, दार लोटायला लावलं.

"चौथ्या कडीला आतनं कानस मार. निम्मी कडी खा. वरनं काजळी चोळ. दिसायचं न्हाय."

पैलवान गेल्यावर आबांनी साखळी आत नेली होती, ते आठवलं. म्हणजे इतकी वर्षं साखळी तोडत होती ती आमची कानस. गाव भंडारा उधळत होतं ते आमच्या लबाडीवर.

"तात्याला म्हाईत हाय?"

"न्हाय. आणि व्हता कामा नये."

दोन दिवसांनी तात्या शाळेवर आले. ऐरणीला हात लावून पाया पडले.

"हे बघ, आता तू घडवतोस. म्हातारा म्हणून हात राखू नको. न्हाय तुटली तर न्हाय. मान जाऊ दे पैलवानाला. मी पुन्हा देवळाची पायरी चढायचा न्हाय, एवढंच."

ते गेल्यावर मी कानस हातात घेतली. चौथी कडी चिमट्यात धरली. मग कानस खाली ठेवली. माझ्या हातून कच्ची कडी बाहेर जाणार नाही. चौदा कड्या मी पक्क्या सांधल्या. आबांना काही बोललो नाही.

*

जत्रेला पैलवान पहिल्या रांगेत होता. पागोटं नवं बांधून आला होता.

तात्यांनी साखळी हाताला गुंडाळली. पहिला हिसका दिला. साखळी वाजली. लोकांनी "येळकोट" म्हटलं.

दुसरा. तात्या गुडघ्यावर आले. तात्यांच्या मनगटातून रक्त आलं. पैलवान हळूच बोलला, "तात्या, सोडा आता. वय झालं."

तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी माणूस मारला. दोन घासण्यांचं काम होतं. माझ्या घमेंडीपायी सत्तर वर्षांचा माणूस सगळ्या गावापुढे गुडघ्यावर बसला होता.

तात्या म्हणाले, "चांगली सांधलीस."

मग उठले आणि तिसरा हिसका दिला.

आवाज दगड फुटल्यासारखा झाला. माझ्या कपाळावर काहीतरी लागलं. भंडाऱ्याने पुढचं दिसेना. पायाशी चाचपून पाहिलं तर कडी होती. नववी. ती मी अजून ठेवली आहे. मधोमध तुटली आहे. कानशीचा ओरखडा नाही.

घरी गेलो. आबा खाटेवर दाराकडे टक लावून बसले होते.

"तुटली?"

"तिसऱ्याला."

"कानस मारली व्हतीस न्हवं?"

माझ्या कपाळावर रक्त होतं. मी म्हणालो, "व्हय."

आबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बरं केलंस. कानस माराया माझा हात इतक्या वर्सांत एकदाबी धजला न्हाय."