बंद खटक्याची ऊब

टेलरकाकू त्रेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात गेल्या. पहिल्या दिवशी फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "पडद्यांचं माप घ्यायला आलात का?"

"नाही हो, शिकायला."

"मग पालकांची सही कुठाय?"

दोघंही खो खो हसले.

काकूंचं दुकान संगीताच्या कॉलेजासमोरच. कपडे आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं, हे त्यांचं काम. एके दिवशी त्या कॉलेजातली एक मुलगी जीन्स आखूड करायला आली आणि काम होईतो फोनवर स्वतः रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकत बसली. काकूंनी तोंडातली टाचणी काढली.

"गाणारी बरी आहे गं. पण तिला कपाटात कोंडून का गायला लावलंस?"

पोरगी चाट पडली. कारण खोलीत आवाज घुमतो म्हणून तिने मैत्रिणीला खरोखरच कपड्यांच्या कपाटात उभं करून गायला लावलं होतं. तिने ही गोष्ट तिच्या सरांना सांगितली. सर आपल्या कोटाचं अस्तर बदलायचं निमित्त काढून आले, तीन गाणी ऐकवून गेले आणि जाताना प्रवेशाचा फॉर्म कात्रीखाली ठेवून गेले. म्युझिक प्रॉडक्शनची तीन वर्षांची पदवी. बारावी पास चालते, वयाची अट नाही.

नवरा लेथवर काम करणारा. त्याने फॉर्म दोनदा वाचला.

"तीन वर्षं संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. पण चौथ्या वर्षाचं नाव काढायचं नाही. काढलंस तर कुकर तुझ्या वर्गात आणून ठेवीन."

"अहो, तुमचं खाऊन तीन वर्षं जगले तर चौथ्याचं बघू!"

सासूबाईंच्या शंका वेगळ्या होत्या. "तू गाणार आहेस?"

"नाही."

"वाजवणार आहेस?"

"तेही नाही. दुसऱ्यांनी गायलेलं, वाजवलेलं एकमेकांत नीट बसवायचं. कुठे आवाज फुगला असेल तर आत घ्यायचा, कुठे दबला असेल तर सोडायचा."

"म्हणजे तिथंही आल्टरच की!"

पुढे तीन वर्षांत कुठल्याच पुस्तकात त्यांना याहून सोपं काही सापडलं नाही.

वर्गात बाकी सगळी विशीच्या आतली. डेसिबलचं गणित सुरू झालं की काकूंच्या डोक्यावरून जायचं. मग पोरं त्यांना कॅन्टीनमध्ये बसवून समजावत. कोणी फार चिडवलं तर काकू शांतपणे म्हणत, "तुझ्या पँटची शिवण मी घातलीय बाळा. उसवायला वेळ लागत नाही." माईकच्या लांबलचक वायरी न पिळता कशा गुंडाळायच्या, हे मात्र त्या सगळ्यांना काकूंनीच शिकवलं. सरांसकट.

तिसऱ्या वर्षापर्यंत गाडी बरी चालली. मग मिक्सिंगच्या प्रात्यक्षिकात काकू आपटल्या. परीक्षकांनी शेरा मारला, 'हात गरजेपेक्षा जास्त चालवला.' खरंच होतं ते. घाबरून त्यांनी एकेका आवाजाला इतकं तासलं होतं, की गाण्याचा भुसा झाला होता. फेरपरीक्षा एकच. त्यात गेल्या तर अख्खं चौथं वर्ष, आणि नवरा तर बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस.

फेरपरीक्षेला नऊ ट्रॅकचं एक गाणं मिळालं: गाणारी, गिटार, बासरी, बाकी ढोल-ताशा म्हणावा तसा सगळा गलका. चार तास. काकूंनी या वेळी जपून काम केलं आणि साडेतीन तासांत ते आटोपलं. मग दोन परीक्षक मागे येऊन बसले. एक दुसऱ्या कॉलेजातल्या बाई, दुसरे एका मोठ्या स्टुडिओचे मालक. साहेबांनी डोळे मिटून गाणं ऐकलं.

"छान. फक्त गाणारीच्या आवाजाला जरा ऊब द्या."

काकूंनी पडद्यावरचं एक बटण माऊसने हळूहळू फिरवायला घेतलं.

"अजून थोडं... अजून... जास्त झालं, मागे या... हं, बस! आता कसं मऊ झालं!"

काकूंनाही ते मऊ वाटलं. खुशीत त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं आणि तोंडचं पाणी पळालं. त्या बटणाचा चालू-बंदचा खटका बंदच होता. पाच मिनिटं त्या जे फिरवत होत्या, ते कशालाच जोडलेलं नव्हतं. या धंद्यातल्या प्रत्येकाच्या हातून ही चूक कधी ना कधी होते, पण ती परीक्षकाला शेजारी घेऊन कोणी करत नाही.

खटका गुपचूप चालू करता आला असता. साहेबांचे डोळे मिटलेले, बाई कागदात. पण काकूंना दिसत होतं, की तो चालू केला तर आवाज खरोखरच बदलेल, आणि आत्ता तर तो झकास बसलाय. सत्यवचन वगैरे काही नव्हतं त्यात. बसलेलं काम बिघडवायला हात धजेना, एवढंच.

"साहेब, खटका बंद आहे."

"कसला खटका?"

"मी फिरवत होते त्याचा. आवाज पहिल्यापासून होता तसाच आहे."

साहेबांनी डोळे उघडले. "पण मला फरक ऐकू आला."

"मलाही आला ना! म्हणून तर फिरवत बसले."

बाईंनी कागद तोंडावर धरला, पण हसू आवरेना. शेवटी त्या टेबलावर डोकं टेकून हसल्या. साहेबांचे कान लाल झाले. काकूंना डोळ्यांपुढे चौथं वर्ष दिसायला लागलं.

"मग आता काय करणार?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. अंगाला बसलंय. आता एक टाका घातला तरी वाकडं होईल."

साहेब बाईंकडे वळून म्हणाले, "यांना नापास करायचं तर आधी मला करावं लागेल. लिहा." बाईंनी शंभरात बहात्तर लिहिले आणि कागद मुद्दाम काकूंना दिसेलसा धरला.

काकू दारापर्यंत पोचल्या, तर साहेब मागून आले.

"माझ्याकडे एक गाणं तीन आठवडे अडकून पडलंय. सोमवारी येऊन ऐकाल का? रीतसर पैसे देईन."

"येईन की. पण त्याआधी तुमचे कुठले खटके बंद आहेत, ते बघून ठेवा."

सोमवारी काकू गेल्या. दोन निघाले.