बेंचावरचं रान

परचुरेबाईंच्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर काचेच्या नऊ बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. पुण्यात कर्वेनगरातल्या त्यांच्या घरी मी पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी माझी नजर तिकडे गेली. वर्ध्याकडून बसनं आलेलो, घसा कोरडा पडलेला. बाटल्या सरबताच्या, आत काहीतरी तपकिरी. मी धीर करून विचारलं, "बाई, ते कोकम सरबत आहे का?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते खडकवासला आहे. पिणार का?"

पावसाळ्यात नळाला खडकवासला धरणाचं गढूळ पाणी आलं, की सगळी कॉलनी कुरकुर करायची आणि तुरटी फिरवायची. बाई एक रिकामी बाटली त्या पाण्यानं भरून वर ठेवायच्या. दसऱ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही. दसऱ्याला खाली काढून तळाशी बसलेला गाळ शाळेच्या पट्टीनं मोजायचा आणि चिठ्ठीवर लिहून चिकटवायचा. तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही, म्हणून बाई नळाच्या मागे लागल्या असं माझं मत. त्यांचं मत निराळं होतं. "नळाला तोटी असते, गजानन, आणि तोटीच्या मागे भूगोल असतो. हे कुणाचं तरी शेत आहे. उतारावरून सुटलं, धरणात आलं, आता माझ्या पिंपात येऊन बसलंय. ते जिथलं तिथं राहावं, एवढीच माझी इच्छा आहे. फार आहे का?"

फार होती. पण हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी काय बिशाद!

बाई उंचीला बेताच्या, आवाजाला नाही. स्तुती त्यांना सोसायची नाही. आमटी छान झाली म्हटलं, की "मग काय वाईट करणार होते?" गीझर दहा मिनिटं, चपलांची टोकं भिंतीकडे, आणि मराठी शुद्ध. आम्ही विदर्भातले. 'जाऊन राहिलो', 'करून राहिलो' हे माझ्या तोंडी बसलेलं. त्या दर वेळी भाजी निवडता निवडता दुरुस्त करायच्या. 'जातो आहे.' 'करतो आहे.' आणि कुणी काहीही सांगत असलं, अगदी सोसायटीचा चेअरमन असला तरी, मध्ये थांबला की त्या म्हणायच्या, "बरं. पुढे?" भलेभले त्या 'पुढे'पाशी अडखळायचे.

अमेरिकेतल्या कंपन्या एकामागून एक आपटायला लागल्या, त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतलं माझं प्रोजेक्ट बंद पडलं. एका मंगळवारी मी अकरा वाजता घरी परत आलो.

"आज ऑफिस नाही?"

"आहे. काम नाही. बेंचवर बसून राहिलो."

"बसलो आहे," बाई म्हणाल्या. मग मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "नाही, तुझ्या बाबतीत 'बसून राहिलो' हेच बरोबर आहे. पगार?"

"चालू आहे."

"काम न करण्याचा?"

"म्हणजे… उद्या काम आलं तर माणूस हाताशी असावा म्हणून."

"बरं. पुढे?"

मी बूट काढायला वाकलो. बाईंच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. "म्हणजे बसवून पगार देणं कंपनीला परवडतं. मग शेतकऱ्यानं काय घोडं मारलंय?"

मग मला सबंध तास ऐकावा लागला. परदेशांत म्हणे सरकारच धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे देतं, हलक्या जमिनीवर काही पेरू नका म्हणून. माती जागेवर राहते, जमिनीला दम मिळतो. बाईंनी हे वर्षानुवर्षं नववीला शिकवलं होतं. "मुली हसायच्या. खरं सांगू? मीही हसायचे. त्याला बेंच म्हणतात हे आज कळलं."

मला हसू आलं नाही, धसका बसला. आमच्या गावी एखाद्याचं रान पेरायचं राहिलं, तर शेजारी येऊन विचारतात, घरात कोण आजारी आहे?

पण माझ्याकडे मोटारसायकल होती आणि काम नव्हतं. पुढचे चार रविवार बाई माझ्या मागे बसून धरणापलीकडचे डोंगर हिंडल्या. हातात नकाशा, डोक्याला मफलर, आणि प्रत्येक खड्ड्याला "आलं लक्षात." शेवटी त्यांना हवा तसा उतार सापडला. मुरमाड, उभा, नांगराचे तास वरून खाली सरळ पाण्यात उतरणारे. मालक बबनराव बांधावर तंबाखू मळत होते.

बाईंनी नमस्कार केला आणि थेट मुद्द्यावर आल्या. "तुमचं शेत माझ्या पिंपात येतं."

बबनरावांनी शांतपणे तंबाखू तोंडात टाकली. "मग परत आणून टाका की, बाई."

मी मान खाली घातली. आता काय ऐकायला मिळणार! पण बाई चक्क हसल्या. पुण्यात त्यांना असं उत्तर देणारं कुणी उरलं नव्हतं.

तो तुकडा नाचणीचा होता. भाताची खाचरं खाली वेगळी, त्यांना हात लावायचा नव्हता. फक्त हा उतार नांगरायचा नाही, पेरायचा नाही. गवत वाढू द्यायचं. ते कापून म्हशीला घालावं, पण गुरं सोडायची नाहीत. बदल्यात बाई वर्षाला पैसे देणार. "हे उपकार नाहीत. माझी पाणीपट्टी समजा," त्या म्हणाल्या.

बबनरावांनी बायकोला हाक मारली. हौसाबाई आल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "पैसं नगं. पैसं घरात ऱ्हात न्हाईत. रानात जेवढी नाचणी पिकती, तेवढी नाचणी द्या."

म्हणून पुढे दर वर्षी ज्येष्ठात एक अजब वरात निघायची. कर्वेनगरच्या वाण्याकडून नाचणी घ्यायची, अर्धं पोतं मोटारसायकलच्या टाकीवर, मागे बाई. असे चार रविवार. सगळ्या जगाचं धान्य खेड्यातून शहरात येत होतं. उलट्या दिशेनं नेणारा मी एकटा. धरणाच्या भिंतीपाशी कणसं विकणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हौसाबाई पोतं उसवून मूठभर नाचणी हातावर घ्यायच्या, फुंकर मारायच्या आणि दर वेळी तेच म्हणायच्या, "ही आमची न्हवं. ह्याची भाकर लाल होत न्हाई." आणि पोतं आत न्यायच्या.

बाईंनी बबनरावांना बेंच म्हणजे काय ते समजावलं होतं. त्यांना ते इतकं पटलं, की कुणी विचारलं तर म्हणायचे, "बेंचावर हाय रान." पाहता पाहता गावानं तेच नाव लावलं. 'बेंचावरच्या रानाच्या खाली माझी म्हस गेली' असं एक म्हातारा मला सांगत होता, तेव्हा आमच्या एच.आर.च्या मॅडम तिथं हव्या होत्या असं फार वाटलं.

बाईंची तपासणी कडक. पहिल्या श्रावणात त्यांना बांधाच्या कडेला नाचणीची रोपं दिसली.

"हे काय?"

"आपसूक आली," हौसाबाई म्हणाल्या.

बाई गुडघ्यावर बसल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "आपसूक आलेली नाचणी रांगेत कशी उभी राहते, हौसाबाई? कवायत करते?"

हौसाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "समद्यांची पेरणी चाललेली. माझाच हात रिकामा कसा ठिवू? एक मूठ टाकली वो. देवाची म्हना."

बाईंनी एक रोप बोटानं सरळ केलं. मग उठून साडीची माती झटकली. "एक मूठ माफ. दर वर्षी एक मूठ. पण ओळ आडवी लावा. उतारावर उभी नको." परत निघताना त्यांनी पिशवीतून सरबताची बाटली काढून हौसाबाईंना दिली. या वेळी आत खरंच कोकम होतं.

तिसऱ्या वर्षी घोळ झाला. पुण्यातले नोकरदार शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी जागा शोधत डोंगरात शिरले होते, त्यांत माझ्या कंपनीतलेही होते. एजंटला हिरव्यागार गवताचा, धरण दिसणारा, रिकामा उतार दिसला. आम्ही पोतं घेऊन पोचलो तेव्हा बबनराव मान वर करेनात.

"इसार द्यायला तयार हाय तो," ते शेवटी म्हणाले. "बाई, पेरत न्हाई, इकत न्हाई. मग ठिवायचं तरी कशाला, तुमीच सांगा."

बाईंनी नुसती मान हलवली. परतीच्या वाटेवर एकाही खड्ड्याला 'आलं लक्षात' नाही. घरी आल्यावर मी मुद्दाम म्हटलं, "बाई, चहा करून राहिलो." त्यांनी दुरुस्त केलं नाही. मला भीतीच वाटली.

कपातला चहा निवला, तेव्हा म्हणाल्या, "माझंच चुकलं, गजानन. पेरलेलं रान विकत मागताना माणूस दहा वेळा विचार करतो. मी ते रिकामं करून गिऱ्हाइकापुढे मांडून ठेवलं. तिथं बंगला झाला, डोंगर खणला, तर नाचणीनं जाईल त्याच्या दसपट माती जाईल. एवढं कळायला भूगोल लागत नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी कप विसळायला घेतले.

पुढच्या रविवारी त्या स्वतःहून निघाल्या. ओसरीवर बसून बबनरावांना म्हणाल्या, "त्याच्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत, आणि तुम्हाला अडवायचा मला हक्क नाही. तुमचा शब्द मोकळा केला. विकायचं तर विका. माझ्यासाठी थांबू नका."

बबनराव जमीन उकरत बसले. बोलल्या त्या हौसाबाई. चुलीपुढून उठल्याच नाहीत, तिथूनच बोलल्या.

"माझं लगीन हून आल्यापासून ह्या रानानं आमास्नी पोसलं. कधी एक पोतं, कधी दोन. आता कुटं जरा बसलंय, तर लगीच बाजारात काढायचं? म्हातारं मानूस घरात बसलं म्हनून कुनी इकतं का?"

मी बाईंकडे पाहिलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, शाळा सुटलेली. भाचीचा फोन यायचा तो फ्लॅटचं काय करायचं ठरवलंत, हे विचारायला. बाई चुलीकडे टक लावून पाहत होत्या आणि त्यांनी 'बरं, पुढे?' म्हटलं नाही.

"आता तू म्हनतीस तर…" बबनराव पुटपुटले. एजंट परत गेला.

त्यानंतर दोन वर्षांनी बाई अंथरुणाला लागल्या. पावसाळा सुरू झाला होता. मी तोवर बेंचवरून उठून कामाला जुंपला गेलो होतो, पण खोली सोडली नव्हती. नळाला गढूळ पाणी आलं तशी बाटली भरली. बाईंना दसऱ्यापर्यंत थांबवेना. तीन आठवड्यांनी म्हणाल्या, "काढ खाली. मोज."

मी पट्टी लावली. गाळ होता तेवढाच होता. काडीचाही फरक नाही. मी म्हणालो, "बाई, थोडा कमी आहे. एक दोराभर."

बाईंनी डोळे मिटूनच हसल्यासारखं केलं. "खोटं बोलून राहिलास."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्या माझं मराठी बोलल्या.

"एका तुकड्यानं धरण निवळत नसतं, गजानन. हे मी पहिल्या दिवसापासून जाणून होते. तो तुकडा तिथं राहिला ना? मग माझ्या पिंपात आहे तो गाळ दुसऱ्या कुणाचातरी." मग थोड्या वेळानं, "ज्येष्ठात पोतं न्यायला विसरू नको."

बाई श्रावणात गेल्या. भाचीनं घर आवरायला काढलं, तेव्हा बाटल्या कचऱ्यात चालल्या होत्या. मी त्या मागून घेतल्या, बाईंची पट्टीही. "यात आहे काय?" तिनं विचारलं. "खडकवासला," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात मी नाचणी घेऊन गेलो. टाकीवर पोतं, मागची सीट रिकामी. मागे वजन नाही म्हणून गाडी सारखी हलकी वाटत होती, आणि प्रत्येक खड्ड्याला मी कान देत होतो. हौसाबाईंनी पोतं उसवलं, मूठ घेतली, फुंकर मारली. "ही आमची न्हवं," म्हणाल्या, आणि एकदम पदर डोळ्यांना लावला.

बबनराव आत जाऊन एक बाटली घेऊन आले. तीच, बाईंनी दिलेली कोकमाची. बेंचावरच्या रानाखालच्या ओहोळाचं पाणी त्यांनी मागच्या पावसाळ्यात, धो धो पाऊस चालू असताना धरलं होतं आणि बाईंना द्यायला म्हणून ठेवलं होतं. बुचाला मेण लावलेलं. वहीच्या कागदाच्या चिठ्ठीवर वाकड्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता, 'बेंच'. "बाई मोजत्यात म्हनून दसऱ्याला आननार होतो," बबनराव म्हणाले. "तवर त्या ऱ्हायल्या न्हाईत."

माझ्या नव्या खोलीवर आणून ती मी फळीवर बाईंच्या बाटल्यांच्या ओळीत शेवटी ठेवली. मग बाईंची पट्टी काढली आणि सवयीनं तळाशी लावली. मोजायला काहीच नव्हतं.